वाचकांचे प्रश्न : मंगोलियातील भटके मेंढपाळ

प्रश्न : दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणच्या वाटेला लागणारी माणदेशी कुटुंबे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आता निवृत्तीनंतर पत्नीसह मंगोलियाला जाण्याचा विचार आहे. तेथील भटके जीवन खरोखर टिकून आहे, की पर्यटकांपुरते उरले आहे? जावे केव्हा?
– एक वाचक, आटपाडी (जि. सांगली)

उत्तर : ते टिकून आहे, आणि घोडे, गुरे, उंट, मेंढ्या व शेळ्या यांच्या चाऱ्यापाण्यासाठी टिकून आहे. ऋतूप्रमाणे कुरण बदलताना कुटुंब आपले घर, म्हणजे ‘गेर’, उकलून सोबत नेते. जाळीदार लाकडी भिंत, माथ्यावर गोल झरोका आणि बाहेरून लोकरीचे जाड आवरण अशी त्याची रचना असते. हे आवरण आपल्या बुरणुसाच्या जातीचे. घोंगडीसारखे सूत कातून ते विणत नाहीत. लोकर झोडपून पसरतात, पाणी शिंपडतात, दांड्याभोवती घट्ट गुंडाळतात आणि ती गुंडाळी घोड्यामागे माळावरून फरफटवतात, तेव्हा केसात केस गुंतून ती घट्ट बसते. गेर बांधण्याच्या या कलेची युनेस्कोने २०१३ साली वारसा म्हणून नोंद केली आहे.

जुलैच्या ११ ते १३ तारखांना नादाम हा कुस्ती, तिरंदाजी व घोडदौडीचा उत्सव असतो. राजधानी उलानबातरमधील गर्दीपेक्षा एखाद्या लहान गावचा नादाम पाहावा, असे मला मनापासून वाटते. याच दिवसांत घोड्यांचे दूध काढतात. आधी शिंगरू लावल्याशिवाय घोडी पान्हावत नाही. पान्हा सुटला की शिंगरू बाजूला घेऊन धार काढतात, आणि दिवसातून अनेक वेळा हे चालते. ते दूध चामड्याच्या पिशवीत घुसळून, आंबवून ‘आयराग’ करतात. आहार मुख्यतः मांस आणि दूधदुभत्याचा असतो, त्यामुळे आपण शाकाहारी असाल तर यजमानांना आधीच कळवावे.

उंबऱ्यावर पाय देऊ नये. मीठ घातलेला दुधाचा चहा पुढे आला, तर वाडगा उजव्या हाताने घ्यावा आणि डावा हात उजव्या कोपराला लावावा.

हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरतो. बर्फाखाली गवत गाडले जाऊन जनावरे मरतात, त्या संकटाला ‘झुद’ म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये ८० लाखांहून अधिक जनावरे दगावली. दुष्काळात छावणीवर जनावरे नेलेल्या माणदेशाला हे दुःख परके नाही. म्हणून गेरमध्ये बसल्यावर पहिल्यांदा, यंदाचा हिवाळा जनावरांना कसा गेला, एवढे अवश्य विचारावे.