धुऱ्यावरची एक मीटरची चौकट

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. व्याख्या तोंडपाठ आहेत, पण अन्नसाखळीतले बाण उलटे काढलेस. बाण खाणाऱ्याकडे जातो, म्हणजे नाकतोड्याकडून बेडकाकडे. कोण कोणाला खातो हे बाण सांगत नाही, ऊर्जा कुठून कुठे गेली ते सांगतो. परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क इथंच जातात.

आता पुस्तक मिटव आणि वावरात जा. 'परिसंस्था' ही कल्पना १९३५ साली आर्थर टान्सली या वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडली. नुसते जीव मोजून भागत नाही, माती, पाणी, ऊन हेही त्याच हिशोबात धरायचं, असं त्याचं म्हणणं. तो हिशोब धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर मांडून बघ.

साडेचार मीटर नायलॉनची दोरी घे. सुतळी नको, ओली झाली की तिची लांबी बदलते. दर मीटरला गाठ मार, चार कोपऱ्यांना चार तुराट्या रोव, की एक मीटर बाजूची चौकट झाली. मग दोन्ही कर्ण मोज. ते प्रत्येकी १४१ सेंटीमीटरच्या आसपास यायला हवेत. एक लांब अन् एक आखूड आला तर चौरस तिरपा झाला, क्षेत्रफळ कमी भरलं आणि पुढचं सगळं गणित चुकलं.

चौकट कुठे टाकायची ते डोळ्यांनी ठरवू नकोस. दगड फेकून ठरवतात तेही खोटंच, हात आपसूक हिरव्या जागेकडे वळतो. १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या कर. पहिली चिठ्ठी धुऱ्याच्या कडेने किती पावलं चालायचं ते सांगेल, दुसरी आत किती वळायचं ते. अशा १० चौकटी घे. दोरीवरच उगवलेल्या रोपट्यांचं काय? डावी आणि वरची बाजू धरायची, उजवी आणि खालची सोडायची. हा नियम मधेच बदलायचा नाही.

समज, १० पैकी ४ चौकटींत गाजरगवत सापडलं, एकूण ६० रोपं. वारंवारता ४० टक्के. घनता ६० भागिले १०, म्हणजे चौरस मीटरला ६. विपुलता काढताना मात्र ज्या चौकटींत ते सापडलं तेवढ्याच धरायच्या, ६० भागिले ४, म्हणजे १५. पोरं या दोन्हींत गल्लत करतात. ६ आणि १५ मधलं अंतरच सांगतं की गाजरगवत सगळीकडे सारखं पसरलेलं नाही, जागोजागी थव्याने माजलंय.

हराळीला हे गणित लागू पडत नाही. तिचं एकच रोप जमिनीसरपट दहा ठिकाणी मुळं धरतं, मग मोजणार काय? तिथे चौकटीत २०-२० सेंटीमीटरवर दोऱ्या बांधून २५ घरं कर. एक घर म्हणजे ४ टक्के. किती घरं हराळीने झाकली तेवढं लिही.

एका जातीचे त्या जागेतले सगळे जीव मिळून जीवसंख्या. हराळी, तरोटा, केना, मुंग्या, गोगलगाय सगळे मिळून समुदाय. त्यात माती, ओल, ऊन मिळवलं की परिसंस्था.

आता धुऱ्यालगतच्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं एक पान उलटून बघ. शिरेजवळ हिरवट-पिवळे बारीक ठिपके दिसतील, ती मावा नावाची कीड. खालची पानं चकाकतात, हाताला चिकटतात. आपल्याकडे चिकटा पडला म्हणतात ना, तो माव्याने टाकलेला गोड रस. मुंग्या त्यासाठीच येतात आणि बदल्यात माव्याच्या शत्रूंना हुसकतात. दोघांचाही फायदा, म्हणून हे सहजीवन. शत्रू कोण? ढालकिडा आणि क्रायसोपा नावाचा किडा. क्रायसोपाचं अंडं केसाएवढ्या पांढऱ्या देठावर उभं असतं, एकदा पाहिलं की विसरणार नाहीस. ढालकिड्याची अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी दिसते. तिला पीक खाणारी समजून लोक चिरडतात, आणि ती तर मावा खाते.

तीव्र औषध फवारलं की मावा मरतो, ढालकिडाही मरतो. पण माव्याच्या माद्या नराशिवाय, अंडी न घालता थेट पिल्लं देतात. उरलासुरला मावा थोड्याच दिवसांत पुन्हा पान भरून टाकतो. ढालकिडा मागे पडतो. त्याची वाढ सावकाश, आणि खायला मावा उरलेला नसतो तोवर तो टिकतही नाही.

ढालकिडे माव्यापेक्षा कमी का, याचं उत्तर १९४२ साली रेमंड लिंडमन या शास्त्रज्ञाने दिलं. एका पातळीवरून दुसरीवर साधारण १० टक्केच ऊर्जा पोचते. झाडात १०,००० एकक, माव्यात १,०००, ढालकिड्यात १००, त्याला खाणाऱ्या पाखरात १०. बाकीची बरीचशी श्वसनातून उष्णता होऊन जाते, 'नष्ट झाली' असं लिहू नकोस. संख्येचा मनोरा उलटा होऊ शकतो: पळसाचं झाड एक, त्यावर किडे हजारो. ऊर्जेचा मनोरा कधीच उलटा होत नाही.

फवारणी झालेल्या वावरात लगेच शिरू नकोस. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. पायात बूट घाल, गवतात आधी काठी आपट. सकाळी ८ च्या आत जा, दुपारी किडे पानाखाली दडतात. चौकटींची जागा चिठ्ठीच्या आकड्यांसकट लिहून ठेव, दिवाळीनंतर तिथेच पुन्हा मोजायचंय. आणि शेवटचा पाऊस कधी पडला तेही वरच्या ओळीत टाक.