स्पनलेस ‘विणतात’ म्हणणं आधी बंद करा

प्रश्न असा आलाय की वेट वाइप्सच्या पाकिटावर ‘स्पनलेस’ लिहिलेलं असतं, त्याला मराठीत ‘पाण्याने विणलेलं कापड’ म्हटलं तर चालेल का, मुळात न विणलेल्या वस्तूला कापड म्हणावं का, आणि ‘ती स्पनलेस’ की ‘ते स्पनलेस’.

नाही चालणार. हे ‘पाण्याने विणलेलं’ मी सारखं ऐकतोय, परवा रविवार पेठेत एका घाऊक दुकानात रोल बघत होतो तर तिथेही तेच, आणि डोकं तापतं ते अशासाठी की पाण्याने विणलेलं कापड खरोखर असतं आणि ते वेगळंच असतं. वॉटरजेट लूम म्हणतात, सुरतेला ढिगाने आहेत. तिथे ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून बाण्याचा आडवा धागा पाण्याच्या पिचकारीबरोबर पलीकडे जातो, धोट्याचं काम पाणी करतं. ताणा आहे, बाणा आहे, म्हणजे विणकाम आहे. स्पनलेसमध्ये धागाच नाही हो! व्हिस्कोस, पॉलिस्टर, कापूस, जे काय असेल ते पिंजून त्याचा पातळ थर जाळीच्या पट्ट्यावर किंवा ड्रमवर पसरतात आणि वरून पाण्याच्या बारीक धारांची रांग सोडतात, एकेका भोकाचा व्यास साधारण ०.१ मिलिमीटर, आणि दाब सुरुवातीला थोडा, मग वाढत वाढत २०० बारपर्यंत किंवा त्याच्याही वर. गाडीच्या टायरमध्ये २ बारच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. ती धार तंतूंना खाली ढकलते, जाळीवर आपटून पाणी उसळतं, तंतू एकमेकांभोवती वळतात, गुरफटतात, खालून पाणी ओढून घेतात, मग थर उलटा करून दुसऱ्या बाजूनेही तेच. नंतर वाळवायचं. गोंद नाही, शिवण नाही, नुसत्या गुंत्यावर ते कापड उभं आहे.

आता ‘लेस’. बरेच जण हे ‘सीमलेस’ (शिवण नसलेलं) सारखं समजतात, ‘स्पन’ म्हणजे कातलेलं, तेव्हा सूत न कातलेलं म्हणून स्पन-लेस, आणि अर्थ योगायोगाने जुळतो म्हणून ही चूक मरतच नाही. ही लेस म्हणजे साडीला लावतो ती लेस. जाळीची नक्षी बदलली की कापडात तशी भोकं पडतात आणि ते लेससारखं दिसतं. ड्यूपॉन्ट कंपनीचं ‘सोंटारा’ नावाचं कापड १९७०च्या दशकात आलं ते याच जातीचं. आणि लेस हा शब्द मागे नेला तर लॅटिन ‘लाक्वेउस’पर्यंत जातो, म्हणजे फास. बुटाची लेस तीच. तंतूला तंतूचा फास, इंग्रजी शब्द चांगलाच बसलाय.

मग मराठीत काय? एका जाणकारांनी ‘जलग्रथित’ सुचवलंय. ग्रथित म्हणजे गाठ मारलेलं, ओवलेलं. कोणीतरी हाताने क्रमाने केलेलं काम आहे ते, हार ग्रथित असतो. इथे क्रम कुठाय? संस्कृत शब्द घेतला की काम झालं असं मानणाऱ्यांनी आधी वस्तू हातात घेऊन फाडून बघावी, फाडताना सुतासारखी सरळ चीर जात नाही, तंतू ओढले जाऊन कड केसाळ होते.

यासाठी मराठीत शब्द आहे आणि तो आपल्या डोक्यावरच आहे. जट! केस विंचरले नाहीत, तेल, धूळ, घाम बसत गेला की केसांत केस गुरफटून जी न सुटणारी दोरी होते ती जट. लोक तिला देवीचा कोप म्हणतात, अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते बायकांना समजावून समजावून जटा कापतात, आणि ते जे सांगतात तेच इथे लागू आहे, की हा कोप नाही, तंतूंचा गुंता आहे. विणलेला नाही, चिकटवलेला नाही, तरी सुटत नाही. संस्कृतातला ‘जटिल’सुद्धा हाच, आज आपण ‘जटिल प्रश्न’ म्हणतो पण कालिदासाच्या कुमारसंभवात पार्वतीच्या तपोवनात जो ‘जटिल’ येतो तो अवघड माणूस नाही, जटा वाढवलेला ब्रह्मचारी आहे (आणि तो शंकरच असतो). जटामांसीच्या मुळाला ते नाव केसाळ तंतूंमुळे. आणि आपल्या शेजारी कन्नडमध्ये ‘जडे’ म्हणजे नीट विंचरून घातलेली वेणी! एकाच शब्दाचं इकडे गुंता झालं आणि तिकडे वेणी, मला हे कितीही वेळा सांगितलं तरी पुरत नाही.

इथे एक प्राध्यापक छातीठोकपणे सांगतात की जट हा ‘जड’पासून आला, कारण जट जड असते. साफ चूक. दोन स्वरांमधल्या ट चा ड होतो, उलटं नाही. वट-वड, घट-घडा, कटक-कडं. त्या न्यायाने जटेचं मराठीत ‘जड’ व्हायला हवं होतं, प्राकृतात ‘जडा’ आहेच. मग ट का टिकला? माझं मत असं की मराठीत वजनदार या अर्थी ‘जड’ आधीच ठाण मांडून बसला होता, दोन्ही एकच झाले असते तर ‘डोक्याला जड झाली’ म्हणजे नक्की काय ते कळलं नसतं, म्हणून लोकांनी गोसावी-बैराग्यांच्या तोंडचा ट जपून ठेवला. म्हणजे ‘जड’ने जटेला जन्म दिला नाही, तिला ड होण्यापासून अडवलं. प्राध्यापकांनी यावर उत्तर द्यावं, नुसतं ‘वजन’ म्हणू नये.

त्याच नियमाने ‘कर्पट’चं कापड झालं आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कर्पट म्हणजे चिंधी, फडकं, ठिगळ. त्या शब्दात विणण्याचा संबंधच नाही, तेव्हा वाइप्सला कापड म्हणायला काहीच हरकत नाही. शिवाय न विणलेलं कापड आपल्याला नवीन आहे कुठे? घोंगडी मागावर विणतात, पण जेन आणि बुरणूस ही जाड अंथरुणं-पांघरुणं लोकर पिंजून, ओली करून, दाबून-मळूनच करतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात. कापसाला, पॉलिस्टरला खवले नाहीत म्हणून तिथे हाताच्या जागी २०० बारचं पाणी लागतं, एवढाच फरक. मंडईत ‘कापडी’ म्हणून जी खरखरीत रंगीत पिशवी गळ्यात मारतात ती मात्र यातली नाही, ते पॉलिप्रॉपिलीन आहे, ठिपक्या-ठिपक्यांवर गरम दाबून वितळवून चिकटवलेलं, २०१८च्या राज्याच्या प्लॅस्टिकबंदीत तिचं नाव होतं. तिला कापडी म्हणणाऱ्यांशी मी भांडतो आणि तुम्हीही भांडा.

तर माझा शब्द ‘पाणजट’. पाणचक्की, पाणबुडी, पाणकोंबडी, तसा पाणजट. गंगा जोरात आली आणि शंकराच्या जटेत अडकली ही गोष्ट सगळ्यांना माहितीये, इथे पाणी जोरात येतं आणि जट तयार होते. ‘पाणजट कापड’ म्हणून बघा, तोंडात बसतं.

लिंगाचं राहिलंच. लेस ‘ती’ असली तरी इथे बोलणं कापडाचं चाललंय, म्हणून ‘ते स्पनलेस’. पाणजट नुसतं म्हणाल तर ‘ती’, कारण जट ती.