जमीन न विकता शर्यतीत उतरायचं कसं?

(मोटर शर्यतींविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरं देणारे कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज चालवतात आणि हंगामात कार्टिंग संघांसाठी मेकॅनिक म्हणून काम करतात.)

प्रश्न : काका, मी 16 वर्षांचा आहे, अकरावीत शिकतो. वडील यंत्रमागावर कामाला आहेत, आई शिवणकाम करते. मला रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय, स्वप्न फॉर्म्युला वनचं आहे. एका अकादमीनं फोनवर सांगितलं, दहा लाख भरा, वर्षभरात युरोपला पाठवतो. वडील म्हणतात, गावाकडची 20 गुंठे जमीन काढू. मी भाड्याची गो-कार्ट (शर्यतीची छोटी, उघडी गाडी) दोनदा चालवली आहे. बाकी मित्राची ड्यूक बाईक रात्री बायपासवर मारतो, आमच्या ग्रुपमध्ये मला कुणी गाठू शकत नाही. पैसे नसताना यात करिअर होतं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बाळा, आधी हे उत्तर वडिलांना वाचून दाखव, कारण पहिलं वाक्य त्यांच्यासाठी आहे. दादा, जमीन काढू नका.

दहा लाखांत युरोप होत नाही. तिकडच्या फॉर्म्युला फोरचा एक हंगाम काही कोटींत जातो आणि ती शिडीची पहिली पायरी असते. सरावाच्या दिवसांचे पैसे वेगळे, टायरचे वेगळे. गाडी भिंतीला लागली तर मोडतोडीचं बिल बहुतेक वेळा चालकाच्याच नावावर येतं. त्या फोनवाल्याकडून चार गोष्टी लेखी मागा : स्पर्धा कोणती, संघ कोणता, गाडी कोणती आणि मोडतोडीचा खर्च कुणाचा. चारही उत्तरं कागदावर आली नाहीत तर तो नंबर पुन्हा उचलू नका.

आता फॉर्म्युला वन. तुला खोटी आशा लावणं मला जमणार नाही. 2026 पासून तिथं 11 संघ आहेत, म्हणजे साऱ्या जगासाठी 22 जागा. भारतातून आजवर दोघंच तिथं शर्यत धावले. नारायण कार्तिकेयन 2005 मध्ये उतरला, करुण चंढोक 2010 मध्ये. मुंबईचा जेहान दारूवाला 2011 साली फोर्स इंडिया या तेव्हाच्या फॉर्म्युला वन संघाच्या शोधमोहिमेत निवडला गेला, तेव्हा तो जेमतेम तेरा वर्षांचा होता. पुढे त्यानं फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे एकच पायरी खाली, शर्यती जिंकल्या, रेड बुल संघाच्या ज्युनिअर चालकांतही तो होता. तरी वरची जागा मिळाली नाही. फॉर्म्युला वनचा विश्वविजेता लुईस हॅमिल्टन, त्याचे वडील मुलासाठी एकाच वेळी अनेक नोकऱ्या करायचे, हे तू वाचलं असशील. पण तो मुलगा आठव्या वर्षी कार्टमध्ये बसला होता आणि तेराव्या वर्षी मॅकलारेन संघानं त्याला पाठबळ दिलं. फॉर्म्युला वन चालक एस्तेबान ओकॉनच्या आईवडिलांनी घर विकलं आणि ते कॅराव्हॅनमध्ये राहिले, हीही गोष्ट खरी आहे. मात्र घर विकूनही ज्यांची मुलं कुठंच पोचली नाहीत, त्यांच्या मुलाखती घ्यायला कुणी जात नाही.

सोळाव्या वर्षी, दोनदा भाड्याची कार्ट चालवून, फॉर्म्युला वनचा रस्ता तुझ्यासाठी उघडा नाही. शर्यतीचा मात्र आहे. तो दोन चाकांवरून जातो.

आपल्याकडे पैसे नसलेल्या मुलाला खरी संधी कंपन्यांच्या ‘वन मेक’ स्पर्धांत मिळते. इथं सगळ्यांना एकाच बनावटीची गाडी मिळते. टीव्हीएस रेसिंग 1982 पासून या क्षेत्रात आहे. त्यांच्या वन मेक चॅम्पियनशिपसाठी निवड फेऱ्या होतात, ट्रॅकवर वेळ लावून मुलं निवडली जातात आणि शर्यतीची अपाची बाईक कंपनीच तयार करून देते. होंडानं 2018 मध्ये इंडिया टॅलेंट कप सुरू केला, तो तर किशोरांना डोळ्यांसमोर ठेवूनच. पुण्याचा सार्थक चव्हाण किशोरवयात त्यातूनच धावला. वयाची अट, फी, गाडीचं मॉडेल हे हंगामागणिक बदलतं, म्हणून जुनी माहिती धरून बसू नकोस, चालू वर्षाची जाहिरात वाच. निवडीला जायचं म्हणजे चेन्नईला, नाहीतर कोइम्बतूरला. चेन्नईचा ट्रॅक साधारण 3.7 किलोमीटरचा, कोइम्बतूरचा कारी स्पीडवे 2.1 चा. रेल्वेचा प्रवास, दोन दिवसांचं राहणं आणि सूट-बूट-हातमोजे-हेल्मेट एवढ्याचा खर्च तुझ्या अंगावर येतो. चामडी सूट काही ठिकाणी भाड्यानं मिळतो. हेल्मेट मात्र स्वतःचं आणि नवं घे. जुनं, कधीतरी आपटलेलं हेल्मेट कुणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस.

स्पर्धेत उतरायला फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआयचं लायसन्स लागतं. 18 च्या आत असल्यामुळे पालकांची लेखी संमती आणि डॉक्टरांचा दाखला जोडावा लागेल.

आणि आता त्या बायपासचं. हे मी रागानं लिहितोय आणि राग तुझ्या काळजीपोटी आहे. रस्त्यावरचा वेग ट्रॅकवर कामाला येत नाही. बायपासवर तू सरळ रेषेत अॅक्सिलरेटर पिळतोस, ते कुणीही पिळेल. शर्यत जिंकली जाते ती ब्रेक कुठं लावला, किती सोडला आणि वळणात झुकलेली गाडी सरळ करून पुन्हा दम कधी दिला यावर. समोरून विनादिव्याची उसाची ट्रॉली आली तर तुझा ग्रुप तुला उचलायलाही थांबणार नाही. कायद्याचंही ऐक. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजारांचा दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्या बापानं तुझ्यासाठी जमीन काढायची तयारी दाखवली त्याला कोर्टात उभं करशील का? ती चावी मित्राला आजच परत दे.

त्याऐवजी कोल्हापूरला ये. इचलकरंजीहून एसटीनं तासाभराचा रस्ता. आपल्या कोल्हापुरात मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथं राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. याच गावचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. त्याच्या घरची ऐपत तुझ्या घरी नाही, पण ट्रॅक तोच आहे. महिन्यातून एकदाच जमलं तरी चालेल. मित्रांना घेऊन मजा म्हणून नको, एकटा ये. लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एकेका फेरीच्या, वेळांचा कागद मागून घे आणि वहीत उतरव. भाड्याच्या कार्टांत एखादी ताजी असते, एखादी दमलेली, म्हणून दुसऱ्याच्या वेळेशी तुलना करू नकोस. तुझ्याच दहा लॅप एकमेकींच्या किती जवळ आहेत ते बघ. एक झकास लॅप मारून बाकीच्या नऊ वाया घालवणाऱ्या पोरापेक्षा दहाही सारख्या मारणारा मला जास्त आवडतो. कोणताही संघ त्यालाच आधी बघेल.

कार्ट समजून घे. तिला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियल (वळणात दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा) नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण आस दोघांना सारखंच फिरवतो. म्हणून आतलं मागचं चाक क्षणभर हलकं व्हावं लागतं, तेव्हाच कार्ट वळते. ते नाही झालं तर ती सरळ ढकलत जाते आणि इंजिन गुदमरतं. हे एकदा अंगाला कळलं की स्टिअरिंगशी झटापट थांबते. बाईकवरही हा कान आणि हा हात उपयोगी पडतो.

पुढची गोष्ट माझ्या मनाच्या सगळ्यात जवळची. पैसे नसतील तर कष्ट दे. शनिवार-रविवार ट्रॅकवर मदतनीस म्हणून उभा राहा. सुरुवातीला टायर उचलायला लावतील, फरशी पुसायला लावतील. मग दाब बघायला लावतील. कार्टमधल्या रॉटॅक्स कंपनीच्या 125 सीसी टू-स्ट्रोक इंजिनात दुपारी हवा तापली की मेन जेट (कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलायचा असतो, कारण गरम हवा पातळ होते आणि तेवढंच पेट्रोल तिला जास्त पडतं. सकाळच्या गारव्यात ज्या जेटनं कार्ट उडत होती तीच दुपारी भरभर करायला लागते. असं दहा गोष्टींत कळायला लागलं की मालक स्वतःहून म्हणतो, शेवटची पाच मिनिटं तू बस. मी माझ्या हाताखालच्या पोरांना अशीच मिनिटं मिळवताना पाहिलं आहे. विकत घेतलेल्या तासाहून त्या पाच मिनिटांत पोरगं जास्त शिकतं, कारण कार्टमध्ये काय बदललंय ते त्याच्याच हातानं बदललेलं असतं.

प्रायोजकाचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. आपल्याकडे गावानं पैलवानाचा खुराक उचलायची रीत आहे. कुणी दूध देतं, कुणी बदाम, कुणी मैदानाला जायचा खर्च. तसंच माग. एकाच कारखानदाराकडं पाच लाख मागशील तर चहा पाजून परत पाठवतील. एका सूतवाल्याकडं हेल्मेट माग, दुसऱ्याकडं चेन्नईचं तिकीट, हुपरीच्या एखाद्या चांदीवाल्याकडं लायसन्सची फी. सोबत लॅपची वही ने, एका पानावर तारखा आणि वेळा. खर्चाचा हिशेब आणि पावती न मागता दे, निकाल वाईट लागला तरी फोन कर. पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा देईल.

बारावी सोडू नकोस. परीक्षेच्या महिन्यात ट्रॅक बंद.

प्रश्न : दादा, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची बाईक शर्यत, करायचंय. नाशिकला रॅली आणि डर्टच्या शर्यती ती लहानपणापासून बघते. घरात सगळे म्हणतात मुलीचं काम नाही. मला तसं वाटत नाही, पण भीती वाटते. मी शिकवण्या घेते, पैसा बेताचा आहे.
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, घरच्यांना दोन नावं सांगा. बंगळूरूची ऐश्वर्या पिस्से 2019 मध्ये एफआयएमच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या, बाहा वर्ल्ड कपमध्ये (खडबडीत रानातल्या रॅलींची स्पर्धा) महिला गटात पहिली आली. आपल्या पुण्याच्या डायना पंडोल, शिक्षिका आणि दोन मुलांची आई, 2024 मध्ये राष्ट्रीय कार रेसिंगचं विजेतेपद पुरुषांसोबत धावून मिळवतात. टीव्हीएसच्या वन मेकमध्ये मुलींचा वेगळा गटही असतो.

तुमची भीती मात्र कुणाला खोडून काढू देऊ नका. ऑगस्ट 2023 मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय शर्यतीत एक तेरा वर्षांचा मुलगा पडला आणि गेला. तो हौशी नव्हता, तयारीचा होता. त्या बातमीनंतर मी कित्येक रात्री नीट झोपलो नाही, कारण त्या वयाच्या मुलांच्या हेल्मेटचे पट्टे हंगामात माझ्या हातानं आवळले जातात. म्हणून कुठल्याही प्रशिक्षकाकडं गेलात की गाडीआधी हे विचारा : सरावाच्या दिवशी रुग्णवाहिका उभी असते का, की फक्त शर्यतीच्या दिवशी? जवळचं ट्रॉमा सेंटर किती मिनिटांवर आहे? विम्याचे कागद दाखवा. एका वेळी ट्रॅकवर किती मुलं सोडता आणि मोठ्या सीसीच्या गाड्यांबरोबर सोडता का? या प्रश्नांना जो चिडेल त्याच्याकडं मुलगी ठेवू नका.

पैसा कमी असेल तर तो गाडीवर आधी घालू नका. बूट, गुडघ्याचं कवच, छाती-पाठीचं कवच, मान धरून ठेवणारा ब्रेस, हेल्मेट, गॉगल्स हे आधी. मुलं झपाट्यानं वाढतात, त्यामुळे मोठ्या मुलांचे लहान झालेले बूट चांगल्या अवस्थेत मिळून जातात. गाडी भाड्यानं किंवा प्रशिक्षकाचीच. पहिले काही महिने तिला उड्या मारायच्या नाहीत हे तिच्याकडून कबूल करून घ्या. मोकळ्या मातीत उभं राहून चालवणं, मागचं चाक घसरलं तर पाय न टेकवता सावरणं, एवढंच. जानेवारी 2024 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तिच्या चित्रफिती तिच्यासोबत बसून बघा. उडीऐवजी उडीच्या आधीचे दोन सेकंद बघायला सांगा.

प्रश्न : मी चाकणजवळ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात आहे. मला गाडी चालवायची नाही, रेसिंग टीममध्ये काम करायचंय. ओळख नाही आणि इंग्रजी कच्चं आहे.
— एक विद्यार्थी, चाकण

उत्तर : कोइम्बतूरच्या पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी संघ गाड्या तयार करतात ती जागा) निम्मं काम तमिळमध्ये चालतं आणि मी मराठीत शिव्या देतो, तरी इंजिन वेळेवर बसतं. इंग्रजी इतकं हवं की मॅन्युअल वाचता आलं पाहिजे आणि टॉर्कचा आकडा चुकता कामा नये. रोज एक पान वाच.

पुढं डिग्रीला गेलास तर कॉलेज निवडताना तिथं बाहा (खडबडीत रस्त्यावरची गाडी) किंवा फॉर्म्युला (ट्रॅकवरची गाडी) या विद्यार्थी स्पर्धांचा संघ आहे का ते आधी बघ. बाहा एसएई इंडिया 2007 पासून पिथमपूरला होते, फॉर्म्युला भारत कारी स्पीडवेवर होते. या गाड्या मुलं स्वतः बनवतात आणि स्वतःच दुरुस्त करतात. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे चांगले संघ त्यात असतात. डिप्लोमातच थांबलास तर सुट्टीत एखाद्या संघाला लिही. पत्रात ‘आवड आहे’ एवढंच लिहू नकोस, तशी पत्रं ढिगानं येतात. तू स्वतः खोलून बसवलेल्या एका इंजिनाचे फोटो, घेतलेली मापं आणि कुठला भाग का बदलला ते लिही. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हातात सराईत बसायला हवेत. इंजिन सीलबंद असलेल्या वर्गात तुला आत हात घालता येत नाही, म्हणून चेसिसची भूमिती, चाकांचा टो आणि कॅम्बर (चाकं आत-बाहेर किती वळलेली, किती कललेली), टायरचा दाब हे पक्कं कर. संघाची भरती हंगाम सुरू व्हायच्या आधी होते, तेव्हा शर्यती संपल्या की लगेच, पुढच्या वर्षासाठी लिहायचं.