पहिला वळीव आणि दुचाकी

पुण्यातला तुझा हा पहिलाच उन्हाळा, म्हणून सांगतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकला, की दुपारनंतर आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि वळीव कोसळतो. मातीचा वास सुटतो, तापलेला जीव निवतो. भीज, मनसोक्त भीज! पण गाडीवरून उतरून.

नवखे घसरतात ते पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. महिनोन् महिने सांडलेलं ऑइल आणि धूळ पाण्यात कालवली जाते आणि डांबरावर साबणासारखा थर चढतो. जोराची सर तो धुऊन नेते, भुरभुर पावसात मात्र तो तसाच राहतो. त्यात गुलमोहराच्या पाकळ्यांचा सडा. कर्वे रस्त्यावर मी असाच आडवा झालो होतो. वेग जेमतेम २५, पण पुढचा ब्रेक करकचून दाबला. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे, झेब्रा पट्ट्यांवर तर अजिबात नाही.

बाकी एवढंच पाळ:
- आडोसा दुकानाचा किंवा इमारतीचा घे. झाडाखाली, होर्डिंगखाली थांबू नकोस. वळवाच्या वाऱ्यात गुलमोहराच्या फांद्या काडीसारख्या मोडतात.
- वेताळ टेकडीवर असलास तर पहिल्या गडगडाटालाच खाली उतर. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं इमारतीच्या आतच थांब.
- साचलेल्या पाण्यात गाडी घालू नकोस, खाली उघडं चेंबर असू शकतं.

टायरमधली हवा, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) वगैरे नंतर बोलू. आधी टायरची नक्षी बघ, झिजली असेल तर याच आठवड्यात टायर बदल.