हृदय परत सुरू झाल्यावरही डॉक्टर '७२ तास थांबा' का म्हणतात?

तुमचा प्रश्न असा आहे की हृदय बंद पडलं, सीपीआर आणि शॉक देऊन परत सुरू झालं, मॉनिटरवर ठोके दिसतायत, मग डॉक्टर अजून काहीच सांगता येत नाही असं का म्हणतात आणि काही पेशंट त्यानंतरही का दगावतात. मी आयसीयूत काम करते, नातेवाईक हेच विचारतात आणि तिथे उभ्या उभ्या नीट सांगायला वेळच मिळत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

यात व्लादिमीर नेगोव्स्की या सोव्हिएत डॉक्टरांचं नाव माहीत असायला हवं. मॉस्कोमध्ये १९३६ साली त्यांनी लॅब सुरू केली ती नुकत्याच थांबलेल्या शरीराला परत कसं आणायचं याच अभ्यासासाठी, आणि महायुद्धात आघाडीवर जाऊन रक्तस्रावाने गेल्यात जमा असलेल्या सैनिकांना धमनीतून दाबाने रक्त चढवणं, भात्याने श्वास देणं असे उपाय केले. पण मला त्यांचं नंतरचं काम जास्त मोठं वाटतं. परत आलेली माणसं काही तासांत, काही दिवसांत पुन्हा ढासळतात हे ते बघत होते, आणि १९७२ मध्ये त्यांनी मांडलं की हा एक वेगळाच आजार आहे, पोस्ट-रिससिटेशन डिसीज. म्हणजे ठोके परत आले की तिथून दुसरं आजारपण सुरू होतं. आज आम्ही त्याला पोस्ट-कार्डिॲक अरेस्ट सिंड्रोम म्हणतो.

आता हे होतं कसं? रक्त थांबलं की पेशीतला ऑक्सिजन संपतो, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन संपतं, आत ॲसिड साठतं, सोडियम आणि मग कॅल्शियम वाढत जातं. इथपर्यंतचं नुकसान कोणालाही पटतं. खरी गोम पुढे आहे, रक्त परत आल्यावर पहिल्या काही मिनिटांत. अचानक ऑक्सिजन मिळाला की मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, फ्री रॅडिकल्सचा (पेशीला इजा करणाऱ्या रेणूंचा) भडका उडवतात, ॲसिड धुऊन निघतं, आणि आतापर्यंत त्या ॲसिडमुळेच बंद राहिलेलं मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्यातलं एक छिद्र उघडतं. ते उघडं राहिलं की पेशी गेलीच. म्हणजे जे रक्त जीव वाचवतं त्याच्यामुळेच थोड्या पेशी मरतात. याला रिपर्फ्युजन इंज्युरी म्हणतात, रॉबर्ट जेनिंग्ज यांनी १९६० मध्ये कुत्र्यांच्या हृदयावर हे दाखवलं होतं.

मग ते छिद्रच औषधाने बंद ठेवलं तर? सायक्लोस्पोरिन हे औषध नेमकं ते करतं. २००८ मध्ये हार्ट ॲटॅकच्या थोड्याच पेशंटवर अँजिओप्लास्टीच्या ऐन वेळी दिलं तर हृदयाचं नुकसान कमी दिसलं, सगळे खूश झाले, पण २०१५ च्या मोठ्या ट्रायलमध्ये काहीच फायदा निघाला नाही. मेंदू वाचवण्यासाठी शरीर थंड करण्याचंही तसंच झालं. २००२ मधल्या दोन अभ्यासांनी शरीर ३२ ते ३४ डिग्रीपर्यंत थंड ठेवल्याने फायदा दाखवला, जगभर ते सुरू झालं, आणि २०२१ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ३३ डिग्रीवर ठेवलेले आणि फक्त ताप येऊ न दिलेले यांच्यात फरक दिसला नाही. मला यात निराश व्हावंसं वाटत नाही, कारण अशा ट्रायल झाल्या म्हणूनच आज आम्ही ताप आवरणं, बीपी टिकवणं, ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त न देणं याकडे काटेकोर लक्ष देतो.

हृदयाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ते जेमतेम हलताना दिसतं, नातेवाईक घाबरतात, पण तो सुन्नपणा असतो आणि बऱ्याच जणांमध्ये दोन-तीन दिवसांत बराचसा ओसरतो. मेंदूचं तसं नाही, आणि हृदय सावरलेल्यांपैकीही कित्येक जण मेंदूच्या इजेनेच जातात. शिवाय झोपेची औषधं चालू असतात, त्यांचा असर उतरल्याशिवाय डोळे, बुबुळं, हालचाल बघून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. म्हणून किमान ७२ तास. आणि तेव्हाही एका तपासणीवर ठरवत नाहीत, दोन-तीन गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवायला लागल्या तरच. तोपर्यंत डॉक्टर 'माहीत नाही' म्हणाले तर ते खरंच माहीत नसतं, तुमच्यापासून काही लपवलेलं नसतं.