दुसरे धर्म शिकून मुलगी आपली श्रद्धा सोडेल का?

"मॅडम, शाळेतच हे शिकवतात म्हटल्यावर तक्रार तरी कुणाकडे करायची?" असं म्हणत समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका आईने पर्समधून मुलीची वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

मुलगी सोळा वर्षांची, कॅथलिक हायस्कूलमधली. त्या वर्षी वर्गात ‘जगातले धर्म’ हा विषय सुरू झाला होता. तीन महिन्यांत घरात दोन गोष्टी घडल्या. मुलगी रात्री दिवा मालवून श्वासाकडे लक्ष देत बसू लागली. आणि एका रविवारी मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परतताना म्हणाली, "मला या वर्षी दृढीकरण संस्कार घ्यायचा नाही." बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा हा कॅथलिक संस्कार.

(ओळख पटू नये म्हणून बरेच तपशील बदलले आहेत. दोघींच्या परवानगीनेच लिहिते आहे.)

कॅथलिक पालकांची ही काळजी मी अनेकदा ऐकली आहे. "वयच आहे तसं, होईल ठीक" असं म्हणून ती मला उडवून लावता येत नाही. जे आपल्याला संकटात आधार देऊन गेलं तेच लेकराच्या हातून निसटेल, ही भीती लहान नसते.

"वही आणल्याचं तिला माहीत आहे का?" मी विचारलं. आई गप्प झाल्या. मी वही न उघडताच परत दिली आणि म्हटलं, पुढच्या वेळी तिला घेऊन या, दाखवायची असेल तर तीच दाखवेल.

त्या दिवशी आईंशी एवढंच बोलले की शाळा काही चोरून करत नाहीये. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, 28 ऑक्टोबर 1965 रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा स्वीकारला. हिंदू, बौद्ध, इस्लाम, यहुदी या धर्मांचा त्यात आदराने उल्लेख आहे. या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा (कॅथलिक चर्च) नाकारत नाही, असं त्यात म्हटलं आहे. आणि ख्रिस्ताची घोषणा करत राहणं हे आपलं कर्तव्य आहे, हेही तिथेच आहे. नेमक्या त्याच दिवशी ख्रिस्ती शिक्षणावरचा जाहीरनामाही निघाला. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील, असं तो सांगतो. आईंनी हे शेवटचं वाक्य दोनदा विचारून घेतलं. "म्हणजे माझ्यावरच आलं की," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली. वही तिनेच उघडली. शिक्षकांनी तक्ता करायला सांगितला होता: धर्म, ग्रंथ, सण, प्रार्थना कशी करतात. अक्षर नेटकं, पट्टीने आखलेल्या रेघा. इस्लामसमोर दिवसातल्या पाच नमाजांच्या वेळा होत्या. बौद्ध धर्मासमोर लिहिलं होतं, ‘शांत बसून श्वास बघतात, मग सगळ्यांचं भलं व्हावं अशी इच्छा करतात.’ आणि कॅथलिक या ओळीत, प्रार्थनेच्या रकान्यात दोनच शब्द होते: ‘पाठ म्हणतो.’

मी त्या शब्दांवर बोट ठेवलं. तिचे डोळे भरून आले. "बाकीच्यांचं लिहिताना कळत होतं की ते लोक आतून काहीतरी करतात. आपलं लिहायला गेले तर मला काही आठवेचना. मग मी इतकी वर्षं काय करत होते?"

धर्म सोडण्याचा प्रश्न तिच्या मनात नव्हताच. दुसऱ्यांची प्रार्थना पाहून तिला स्वतःची शोधावीशी वाटत होती. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये किशोरवयातल्या ओळखीबद्दल जी मांडणी केली, ती मला अशा वेळी फार उपयोगी पडते. न शोधता घरून घेतलेली बांधिलकी वेगळी आणि शोधून स्वीकारलेली वेगळी. मधला शोधाचा काळ अस्वस्थ असतो. बाहेरून तो घसरणीसारखा दिसतो, म्हणून पालक घाबरतात आणि नेमकं तेव्हाच बोलणं बंद पाडतात.

मला इथे शाळेबद्दलही तक्रार आहे. दुसरे धर्म शिकवताना आपला धर्म ‘मुलांना येतोच’ असं धरून चालतात. त्याच तासांना संत इग्नेशियस यांचं आत्मपरीक्षण, ही आपली कॅथलिक प्रार्थनेची पद्धत, का शिकवू नये? शांत बसायचं, दिवसाबद्दल आभार मानायचे, आजचे प्रसंग देवासमोर एकेक करून पाहायचे, चुकलं तिथे क्षमा मागायची, उद्यासाठी बळ मागायचं. तिने हे कधी ऐकलंच नव्हतं. "हे आपल्यात आहे?" असं तिने ज्या आवाजात विचारलं तो मला अजून आठवतो.

दृढीकरणाबद्दल मी त्यांना त्यांच्या चर्चच्या फादरांकडे पाठवलं, कारण तो निर्णय माझा नव्हे. फादर रागावले नाहीत. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसारही समज आलेल्या व्यक्तीची योग्य तयारी झालेली असावी आणि बाप्तिस्म्याची वचनं तिला स्वतः पुन्हा देता यावीत, अशी अपेक्षा असते. ढकलून उभं केलेल्या मुलीने ती कशी द्यायची? थांबू या, ते म्हणाले.

काळजी करावी अशा खुणा वेगळ्या असतात. झोप उडणं, मित्रमैत्रिणींपासून तुटणं, अपराधाची टोचणी न थांबणं, किंवा घरच्यांपासून लपवायला सांगणारा एखादा गट. यातलं काही दिसलं तर लगेच मदत घ्या. या मुलीत यातलं काहीच नव्हतं.

आईंना मी एकच काम दिलं: तिला समजावू नका, तुम्ही स्वतः प्रार्थनेत काय करता ते सांगा. त्यांना ते फार जड गेलं. शेवटी एका रात्री त्यांनी लेकीला सांगितलं की वडील गेल्यावर वर्षभर त्याही नुसते पाठच म्हणत होत्या, आत काहीच नव्हतं. तरी जपमाळ सोडवत नव्हती. मुलगी म्हणाली, "मम्मी, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

आता रात्री दोघी दहा मिनिटं एकत्र बसतात. दृढीकरणाची तारीख अजून ठरलेली नाही, आणि आईही ती रोज विचारत नाहीत.