आजोबांचे हात बांधले, मग मी वाईट नर्स का?

माझ्याकडे मन मोकळं करायला येणाऱ्या नर्सेसचा एक प्रश्न ठरलेला असतो, शब्द वेगळे पण गाभा तोच, की मॅडम ड्युटीवर मी असं काहीतरी केलं जे पेशंटच्या भल्यासाठीच होतं, पण ते डोक्यातून जात नाहीये, मी वाईट नर्स आहे का. आज एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

आयसीयूत तीन वर्षं झालेली. माझ्याकडे आली तेव्हा पंधरा दिवस धड झोप नव्हती. मोठं ऑपरेशन झालेले एक आजोबा रात्री डेलिरियममध्ये गेले, म्हणजे आपण कुठे आहोत, दिवस आहे की रात्र काही कळेना, नाकातून पोटात घातलेली राइल्स ट्यूब ओढायचे, हात सारखा मानेतल्या सेंट्रल लाईनकडे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीकडे, जायचा, आणि ती लाईन उपसली गेली तर रक्त जातं, आत हवा शिरू शकते, जीवावर बेतू शकतं. समजावून झालं, हात धरून बसून झालं, शेवटी डॉक्टरांची ऑर्डर घेऊन तिने दोन्ही मनगटं बांधली. बांधली पण नीट. खाली मऊ पॅड, दोन बोटं जातील एवढी जागा, ओढली की सुटेल अशी गाठ, आणि टोक रेलिंगला नाही तर कॉटच्या फ्रेमला, कारण रेलिंग खालीवर केलं की हात ओढला जातो. हे सगळं तिने मला स्वतःच्या मनगटाला रुमाल गुंडाळून दाखवलं. मग रुमाल तसाच ठेवून म्हणाली, "ते रात्रभर म्हणत होते, सोड गं, सोड."

मी पहिल्याच भेटीत म्हणून गेले की तुझी काही चूक नाही. ती मान हलवून गेली आणि पुढच्या वेळी आणखी थकलेली आली. तेव्हा कळलं की मी फार घाई केली, तिला दिलासा नको होता, तिला काहीतरी सांगायचं होतं.

नर्सिंगला सगळ्यांना वैद्यकीय नीतिशास्त्राची चार तत्त्वं शिकवतात, ब्यूचँप आणि चिल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये मांडलेली, पेशंटची स्वायत्तता, त्याचं भलं करणं, त्याला इजा न करणं आणि न्याय. परीक्षेत ती एकाखाली एक लिहिता येतात. रात्री तीन वाजता ती एकमेकांच्या अंगावर येतात. आजोबा सोड म्हणतायत ती स्वायत्तता, पण डेलिरियममध्ये असलेल्या माणसाचं "सोड" हा विचार करून घेतलेला निर्णय असेलच असं नाही, आणि नसला तरी त्या शब्दाला काहीच किंमत नाही असंही नाही, निदान तो काहीतरी सांगतोय एवढं तरी खरं. हे मी तिला म्हटलं आणि ती रडायलाच लागली.

तिसऱ्या भेटीत खरं बाहेर आलं. बाजूच्या बेडच्या पेशंटचं हृदय त्या रात्री बंद पडलं, अरेस्ट, ती तिकडे धावली, दोन तास आजोबांकडे बघणं झालंच नाही. परत आली तेव्हा चार्टवर रात्री तीन आणि चार वाजताचे रकाने रिकामे, तिने दोन्हीत हात तपासल्याची टिक केली आणि लघवीचे आकडे अंदाजाने टाकले, ४० आणि ४० मिली. सकाळी सातला हँडओव्हर घेणाऱ्या, म्हणजे पुढच्या ड्युटीच्या, सिस्टरने चादर उचलली तर कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी मांडीखाली दुमडून दबलेली, बॅगेत थेंब नाही, पोट टम्म. नळी सरळ केली तर ७०० मिली आलं. आणि आजोबा दहा मिनिटांत शांत होऊन झोपले. बांधलेल्या हातांनी ते दाखवणार तरी कसं कुठे दुखतंय ते.

बघा, "हात बांधले" या एका वाक्याखाली तिने तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. आम्ही त्या सुट्या केल्या. हात बांधणं, त्या क्षणी, ते कारण असताना, ऑर्डर असताना, मला तरी समर्थनीय वाटतं, जरी बांधल्याने डेलिरियम वाढू शकतं आणि म्हणून आधी दुखणं, तुंबलेली लघवी, ऑक्सिजन, चष्मा-कानाचं मशीन हे सगळं बघायचं असतं. एका नर्सवर इतके सिरियस पेशंट, ही तिची चूक नव्हती. जे बरोबर ते माहीत आहे पण यंत्रणा ते करू देत नाही, या घुसमटीला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये मॉरल डिस्ट्रेस असं नाव दिलं. हा शब्द ऐकून खूप नर्सेसना मोकळं वाटतं. पण मी तो लगेच हातात देत नाही, कारण मग सगळंच यंत्रणेवर जातं, आणि ते दोन ४० तिनेच लिहिले होते. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी ते खरे धरले असते तर?

माझ्यापुढेही प्रश्न होताच. ती बोलली ते माझ्यापाशी गोपनीय. आजोबा तोवर वॉर्डात गेले होते, धोका टळला होता, नसता टळला तर मी वेगळं वागले असते आणि तसं तिला आधी सांगितलं असतं. म्हणून मी थांबले.

तिनेच विचारलं, "आता सांगितलं तर ते त्यांच्यासाठी की माझं मन हलकं व्हायला?" फार खरा प्रश्न होता हा. आम्ही दोन भेटी त्यावरच घालवल्या. शेवटी ती म्हणाली की आजोबांना काही आठवत नसलं तरी फाईल त्यांची आहे, आणि तिच्यात खोटं आहे.

ती इन्चार्ज सिस्टरकडे गेली. जुन्या आकड्यांवर खाडाखोड न करता, आजची तारीख-वेळ टाकून लेट एन्ट्री असं स्पष्ट लिहून खरं काय ते नोंदवलं. मेमो मिळाला. इन्चार्ज आणि डॉक्टरांबरोबर ती आजोबांच्या मुलीला भेटली, मुलगी चिडली, चिडणारच, म्हणाली माझ्या वडिलांना वेडं ठरवून बांधून ठेवलंत आणि त्यांची फक्त लघवी तुंबली होती. हिने ऐकून घेतलं, कारणं दिली नाहीत, माफी मागितली. मुलीने माफ केलं का, माहीत नाही.

झोप अजून पूर्ण जागेवर नाहीये, येतेय हळूहळू. परवा नाईट करून सरळ माझ्याकडे आली होती. म्हणाली रात्री पुन्हा एक पेशंट ट्यूब ओढत होता, बांधायची ऑर्डरही होती. तिने आधी चादर काढली आणि कॅथेटरची नळी पेशंटपासून बॅगेपर्यंत बोटांनी चाचपत गेली. नळी मोकळी होती. मग दुखण्याचं औषध देऊन अर्धा तास थांबली, आणि तरी शेवटी बांधावंच लागलं. "दर वेळी खरंच जाऊन पाहिलं," म्हणाली, "एकदा वीस मिनिटं उशीर झाला, तर तसंच लिहिलं."